डोळे राहिलेली चाळीस चित्रं

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही 38 वर्षांच्या आहात, एका कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करता आणि चार वर्षांपासून घरी गंजिफा शैलीत, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांच्या शैलीत, दशावतार रंगवता. कपाटात चाळीसेक चित्रं साठली आहेत, पण घरच्यांपलीकडे ती कुणी पाहिलेली नाहीत. नोकरी सोडून हेच करावं असं मनापासून वाटतं आणि त्याच क्षणी पोटात गोळा येतो. ही भीती घालवायची कशी, असं तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता एक वाक्य लिहिलंय: "तशी बहुतेक चित्रं पूर्ण आहेत, फक्त डोळे काढायचे राहिलेत."

मी त्या वाक्याशी थांबले. नोकरीबद्दल पुढे लिहितेच, पण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न या वाक्यात आहे. डोळे राहिलेल्या चित्राला कुणी चांगलं म्हणू शकत नाही आणि वाईटही म्हणू शकत नाही. "अजून व्हायचंय" म्हणायला जागा राहते. ती जागा तुम्ही चार वर्षं राखून ठेवली आहे. आज राजीनामा दिलात तरी उद्या सकाळी ती चाळीस चित्रं तशीच बिनडोळ्यांची समोर असतील, फक्त महिन्याचा पगार नसेल.

हे इतक्या खात्रीने लिहितेय, कारण मी स्वतः एका डोळ्यावर अडून बसलेली बाई आहे.

माझी सुरुवात पेणजवळच्या एका गणपतीच्या कारखान्यात झाली. तिथे नवीन माणसाच्या हातात पहिली दोन वर्षं पॉलिश पेपर असतो. मग अस्तराचा हात, मग अंगाचा रंग, मग पितांबर, शेला, दागिने. सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे. आखणी करणारा माणूस वेगळा बसतो, उजेड डावीकडून येईल असा, आणि तो कामाला बसला की आसपास कुणी मोठ्याने बोलत नाही. आमच्याकडे हे काम एक वयस्कर गृहस्थ करायचे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. तिसऱ्या वर्षी त्यांनी मला बोलावलं आणि आठ-आठ इंचांच्या तीस मूर्ती माझ्यापुढे ओळीने मांडल्या.

पहिल्या मूर्तीचा उजवा डोळा बरा आला. डाव्या डोळ्याला हात थांबला. कारण नीट लक्षात घ्या, ते तुमच्या चित्रांनाही लागू आहे. पहिला डोळा मोकळा असतो, तो कुठेही बघू शकतो. दुसऱ्याला मात्र पहिला जिथे बघतोय तिथेच बघावं लागतं. बुबुळ गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढं सरकलं तरी नजर फाटते आणि मूर्ती कुणाकडेच बघेनाशी होते. मी अर्धा तास ब्रश हातात धरून बसले होते. रंग ब्रशवरच सुकला.

अण्णांनी धीर दिला नाही, "घाबरू नकोस" असंही म्हणाले नाहीत. म्हणाले, "ही एक मूर्ती बाजूला ठेव. आधी तिसांच्या तीस मूर्तींच्या वरच्या पापण्या मार. मग परत पहिलीपासून बुबुळं. पहिल्या दहा बिघडणारच आहेत, त्या मी पुसून घेईन." तिसाव्या मूर्तीपर्यंत जाऊन परत आले, तेव्हा तीच पहिली मूर्ती तिसांतली एक झाली होती. त्या दिवशी माझ्या सात मूर्ती पुसाव्या लागल्या. भीती होतीच. पण हात थांबला नाही.

त्यानंतर मी गंजिफा शिकले आणि आता 31 वर्षं हेच करते. इतक्या वर्षांनी मला असं दिसतं की आपल्या पारंपरिक कलांमध्ये भीतीची सोय आधीच करून ठेवलेली आहे. आपण या कला घरी आणल्या, पण ती सोय मागेच ठेवून आलो.

तुमच्याच कलेचं उदाहरण घ्या. दशावतारी गंजिफाच्या संचात 120 पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग (रंग म्हणजे इस्पिक-बदामसारखे पानांचे गट) आणि प्रत्येक रंगात 12 पानं: एक राजा, म्हणजे स्वतः तो अवतार, एक प्रधान आणि एक ते दहा. चेहऱ्याची पानं 20, बाकीच्या 100 पानांवर नुसती चिन्हं. मत्स्याच्या रंगाला मासे, कूर्माला कासवं, परशुरामाला परशू. आता हिशेब करा, तुमचा तर तो रोजचाच धंदा आहे. एक ते दहा मिळून एका रंगात 55 चिन्हं होतात, दहा रंगांत 550. म्हणजे जो माणूस पूर्ण संच रंगवतो त्याच्या हातून साडेपाचशे लहान लहान चिन्हं जातात. मासा काढताना पहिल्या दहा माशांत शेपटी अडखळते, तिसाव्यानंतर हात ती आपसूक वळवतो. आणि माशालाही डोळा असतोच. एक ठिपका असला तरी डोळाच तो. मत्स्याच्या रंगातले 55 मासे पूर्ण करणाऱ्याने 55 डोळे उघडलेले असतात, आणि मगच तो राजाच्या चेहऱ्याकडे वळलेला बरा.

तुमच्या वर्णनावरून तुम्ही उलटं केलं आहे. चाळीसही चित्रं राजांची दिसतात. म्हणजे चाळीस वेळा तुम्ही थेट सगळ्यात अवघड पान घेतलं. अशा वेळी कुणाचाही हात थांबेल.

दुसरी सोय पुसून टाकण्याची. दारात रांगोळी काढताना तुमचा हात थरथरतो का? माझा कधीच थरथरला नाही, कारण उद्या सकाळी ती झाडली जाणार हे माहीत असतं. वारली घरांतला लग्नचौक, म्हणजे लग्नासाठी काढायचं चौकोनी चित्र, शेणाने सारवून गेरू दिलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढला जातो. लग्न होतं, दिवस जातात, भिंत पुन्हा सारवली जाते. बिहारमधल्या मिथिलेतल्या कोहबराच्या, म्हणजे नवरा-नवरीच्या खोलीतल्या, चित्रांचंही तसंच, पुढच्या लग्नाला भिंत नव्याने रंगते. चूक साठून राहत नाही. 1966-67च्या दुष्काळात हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईहून भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला मधुबनी भागात पाठवलं, आणि तिथल्या स्त्रियांनी भिंतीवरची चित्रं विक्रीसाठी कागदावर काढायला सुरुवात केली. आपण हा प्रसंग अभिमानाने सांगतो आणि तो अभिमानाचा आहेही. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कागदावर चित्र टिकतं, खाली नाव येतं, पाठीमागे किंमत येते. त्या स्त्रियांनी ओलांडलेला उंबरठा फार मोठा होता. कपाट उघडायला तुम्हाला जी भीती वाटते, ती मुळात या कागदाची भीती आहे.

तिसरी सोय माणसांची. कारखान्यातला गणपती पाच-सहा हातांमधून जातो आणि खाली कुणाचीच सही नसते. लग्नचौक सवाशिणी मिळून काढतात आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, शेजारी गाणी म्हणत असते. सावंतवाडीला राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर आजही एकत्र बसून रंगवतात. तुम्ही मात्र रात्री साडेदहानंतर, सगळे झोपल्यावर, जेवणाच्या टेबलावर एकट्या रंगवता असं लिहिलंय. बिघडलेलं पान पुसून घेणारं कुणी नाही, "शेपटी जरा आत घे" म्हणणारं कुणी नाही. मग प्रत्येक चित्र म्हणजे स्वतःवरचा निकाल होऊन बसतो.

आणि चौथी सोय तारखेची. गणेश चतुर्थी कुणासाठी थांबत नाही. आदल्या रात्री मूर्ती गेलीच पाहिजे, तिची पापणी थोडी जाड आली असली तरी. तुमच्या कपाटाला तारीखच नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की भीती घालवायच्या मागे लागू नका. मला आजही नृसिंहाचे डोळे काढताना छातीत धडधडतं. तुमच्या कामात या चार सोयी परत आणा: संख्या, पुसायची मुभा, सोबत आणि तारीख.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा. पुढचे तीन महिने एकही राजा रंगवू नका. मत्स्याच्या रंगातली एक ते दहा ही दहाच पानं घ्या आणि खऱ्या पानांसारखी गोल कापा. मोठ्या कागदावर गोल आखून रंगवू नका, त्याने पुन्हा "चित्र" होतं. पारंपरिक पानाला कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवतात, वर खडूचा लेप देतात आणि गुळगुळीत दगडाने घोटतात. जमत असेल तर जरूर करा, कारण घोटलेल्या पृष्ठावर ब्रश असा धावतो की निम्मी थरथर तिथेच जाते. वेळ नसेल तर जाड पुठ्ठाही चालेल. दहाही पानं एकदम मांडा आणि टप्प्याटप्प्याने करा: आधी सगळ्यांची जमीन, म्हणजे पार्श्वभूमीचा रंग, मग सगळे मासे, मग खवले, शेवटी सगळे डोळे. एका पानावर एका बैठकीत सगळं करायचं नाही. लाखेचा हात देण्याची घाई मात्र करू नका. मी एकदा पावसाळ्यात रंग पुरता वाळायच्या आत तो दिला आणि कल्कीच्या रंगाची बाराच्या बारा पानं पसरली. सहा आठवड्यांचं काम होतं. तेव्हापासून आषाढ-श्रावणात मी रंगवते, पण लाख थेट कोरड्या हवेत देते.

सोबतीसाठी मोठा गट लागत नाही, एक माणूस पुरतो. तो चित्रकार नसला तरी चालेल, तुमच्या शेजारी बसून स्वतःचं भरतकाम करणारी मैत्रीणही चालेल. फक्त दर पंधरा दिवसांनी एक ठरलेला दिवस असावा आणि त्या दिवशी जे झालं असेल ते टेबलावर ठेवायचं.

आता "लोक काय म्हणतील" याबद्दल. तुमच्या प्रश्नात याची दोन रूपं आहेत. एक, ऑफिसमधले म्हणतील हे काय खूळ. दुसरं जास्त खोल आहे: तुम्ही चितारी, म्हणजे पिढीजात चित्रकारांच्या, घरातल्या नाही, कोकणातल्या नाही, मग ही कला आपली म्हणायचा आपल्याला हक्क काय?

पहिल्याला मी फार वेळ देणार नाही. जिव्या सोमा म्हसे या वारली चित्रकाराचं उदाहरण पुरेसं आहे. त्यांच्या समाजात भिंतीवर चित्र काढणं हे विवाहित स्त्रियांचं, विधीचं काम. एक पुरुष रोज उठून, विधीशिवाय, स्वतःच्या आनंदासाठी चित्रं काढतो हे आसपासच्यांना किती विचित्र वाटलं असेल याची कल्पना करा. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्याआधी कितीतरी वर्षं ते रोज काढतच होते. दुलारी देवींचंही तसंच. मिथिलेत रांटी गावी त्या महासुंदरी देवी आणि कर्पूरी देवी यांच्याकडे घरकाम करत होत्या आणि तिथेच बघत बघत शिकल्या. त्यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. इथे मला पुरस्काराचं कौतुक सांगायचं नाही. शिकताना त्या ज्या जागी उभ्या होत्या, तिथून "मी चित्रकार होणार" हे वाक्य उच्चारणंसुद्धा किती अवघड असेल, ते सांगायचंय.

दुसऱ्या रूपाला मात्र मान द्या. ती शंका योग्य आहे आणि ती तुम्हाला सचोटीने वागायला लावेल. सावंतवाडीची गंजिफा जवळजवळ थांबली होती. 1970च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलाकाराकडून ती पुन्हा उभी केली. सत्वशीलादेवी स्वतः बसून शिकल्या. राजघराण्यातल्या बाईंनी चितारींकडून धडे घेतले, म्हणजे शिकायला जन्म आड येत नाही. पण त्यांनी कुणाकडून घेतलं ते लपवलं नाही. तुम्हीही चित्रामागे "सावंतवाडीच्या गंजिफा शैलीवरून" असं लिहा, कुणाकडून शिकलात ते लिहा, आणि एकदा तरी सावंतवाडीला जाऊन त्या कारागिरांचा एक संच विकत घ्या. महाग वाटेल, तरी घ्या. तो हातात धरल्याशिवाय पान किती हलकं असतं आणि रेघ किती वेगाने मारलेली असते हे कळत नाही. हक्काचा प्रश्न अशा वागण्यातून हळूहळू सुटतो.

आता नोकरी. इथे मी ठाम उत्तर देऊ शकत नाही, कारण ते तुमच्या घरावर अवलंबून आहे. कर्ज किती आहे, मुलं किती लहान आहेत, घरात दुसरा पगार आहे का, आई-वडिलांची जबाबदारी कुणावर आहे, यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. माझं सांगते. मी शाळेत चित्रकला शिकवत होते आणि सात वर्षं दोन्ही सांभाळलं. सलग 18 महिने घरखर्चाचा निम्मा भाग माझ्या कामातून निघाला, तेव्हाच शाळा सोडली. घरात नवऱ्याचा पगार होता हेही सांगितलं पाहिजे. तो नसता तर मी आणखी थांबले असते, आणि त्यात काही कमीपणा नव्हता. पैशाची भीती हाताच्या भीतीसारखी नाही, ती सरावाने जात नाही. ती बहुतेक वेळा खरी माहिती देत असते, म्हणून तिचं ऐका. किमान वर्षभराचा खर्च बाजूला असल्याशिवाय आणि अनोळखी माणसांनी तुमचं काम पैसे देऊन नेल्याशिवाय राजीनामा देऊ नका. नातेवाइकांनी घेतलेली चित्रं यात मोजू नका.

विक्रीतही एक भीती दडलेली असते, ती आधीच सांगून ठेवते. माझ्या पहिल्या प्रदर्शनात एका बाईंनी परशुरामाचा प्रधान हातात घेतला आणि किंमत विचारली. मी म्हणाले, "800." त्या पान उजेडाकडे धरून बघत होत्या. चार-पाच सेकंद गेली असतील. त्या एक शब्दही बोलायच्या आत मीच म्हणाले, "500 द्या." त्यांनी 500 दिले आणि गेल्या. त्या पानाला माझे सहा तास लागले होते. नंतर मी एक नियम केला, तो आजही पाळते: आकडा सांगायचा आणि समोरचं माणूस बोलेपर्यंत ओठ मिटून ठेवायचे. आणि आकडा घरून ठरवून, लिहून न्यायचा. लागलेले तास, तासाचा दर, सामान, वर थोडं बिघाडासाठी. तुम्ही लेखा विभागातल्या आहात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल. रोज दुसऱ्यांचा खर्च मांडणारा माणूस स्वतःच्या तासांचा खर्च मांडायला का कचरतो, याचा एकदा शांतपणे विचार करा.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते. चित्राच्या विचाराने झोप उडत असेल, छाती सारखी धडधडत असेल, ऑफिसचंही काम होईनासं झालं असेल, तर ते माझ्या सल्ल्याच्या पलीकडचं आहे. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा, त्यात संकोच नको. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटलं नाही, तरी सांगून ठेवलं.

तर क्रम असा राहू द्या: आधी दहा मासे, मग सोबतीला एक माणूस, मग एक ठरलेली तारीख, त्यानंतर विक्री. नोकरीचा निर्णय वर्षभराने, हातात आकडे घेऊन. तारीख मी सुचवू का? येत्या दिवाळीला पाडव्याच्या दिवशी घरी आलेल्या माणसांसमोर ती दहा पानं मांडा. भिंतीवर लावू नका, ताटात ठेवा, म्हणजे लोक ती उचलतील, उलटतील, बोटांनी चाचपतील. गंजिफा मुळात खेळायची पानं आहेत, हातात घेण्यासाठीच केलेली.

आणि त्या चाळीस चित्रांचं काय, तर सगळी आत्ता कपाटाबाहेर काढू नका. मासे झाल्यावर त्यातली सहा बाहेर काढा. सगळ्यात आवडती घेऊ नका, मधली घ्या. दिवसाउजेडी बसा, उजेड डावीकडून येऊ द्या. तुम्ही डावखुऱ्या असाल तर उजवीकडून. 000 नंबरचा ब्रश, रंग पातळ पण वाहता नको, आधी नखावर एक रेघ मारून बघा. करंगळी पानावर टेकवा म्हणजे हाताला आधार मिळतो. सहाही चेहऱ्यांच्या वरच्या पापण्या आधी मारा, बुबुळाला हात लावू नका. मग उठा, पाणी प्या, परत या. बुबुळं काढताना डावं-उजवं एका चेहऱ्याचं लागोपाठ करा, नाहीतर नजर विसरते. झालं की चित्र आरशासमोर धरा. नजर फाटली असेल तर आरशात लगेच दिसते, सरळ बघताना डोळ्याला सवय झालेली असते म्हणून दिसत नाही. फाटली असेल तर ओल्या ब्रशने उचलून घ्या आणि पुन्हा काढा. सहांतली दोन तरी पुसावी लागतील. पुसा. आणि उरलेल्या चारांपैकी एक, कोणतंही, तुमच्या त्या एका माणसासमोर त्याच दिवशी ठेवा, रंग वाळायच्या आत.